आधी वही, मग गप्पा

अगं, ‘स्वप्नात दिसलं अन् तसंच झालं’ म्हणून लगेच, माणसाला पुढचं आधीच जाणवतं असं म्हणणाऱ्या मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेमचा २०११ चा पेपर नाचवू नको. ९ प्रयोग, हजारावर लोक, पण गाजलेला आकडा किती? चित्र कोणत्या पडद्यामागे येणार, हा अंदाज नुसत्या नशिबानं ५० टक्के बरोबर यावा, तो आला ५३.१ टक्के! पुढे रिची, वाइजमन अन् फ्रेंच या संशोधकांनी त्यातलाच एक प्रयोग तीनदा करून पाहिला, हाती काही लागलं नाही.

तू उठल्याउठल्या, दात घासायच्याही आधी, स्वप्न तारखेसकट वहीत लिही. न जुळलेलीही मोज, तीच आपण विसरतो. मी महिनाभर लिहिलं. जुळलं एकच: नागपूरच्या बर्डीवर पोह्यांची तर्री सांडून शर्ट लाल. अन् ते तर माझं दर रविवारचंच आहे ना बाप्पा!