साल्झबर्गची ऑफर घ्यावी का? जरा लांबलचक उत्तर

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: पुण्यात सिस्टम इंटिग्रेटरकडे (कारखान्यांना ऑटोमेशन बसवून देणाऱ्या कंपनीत) आठ वर्षं पीएलसी-स्काडा (मशीन चालवणारा कंट्रोलर आणि प्लांट स्क्रीनवर दाखवणारं सॉफ्टवेअर) केलंत, चाकण रांजणगाव पालथं घातलंत, आता साल्झबर्गमधल्या स्काडा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीची ऑफर हातात आहे, बायकोची पुण्यात चांगली नोकरी आहे, मुलगी चार वर्षांची, जर्मन शून्य, तर जावं का. मी पण भोसरीतूनच आले, इथे ऑस्ट्रियात अशाच एका कंपनीत आहे (नाव सांगत नाही, गाव लहान आहे), त्यामुळे जमेल तेवढं सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे तुम्ही लिहिलंय की "साइटच्या कटकटीतून सुटका होईल". सुटका होते हो, पण पहिले सहा महिने तीच कटकट आठवून डोळ्यात पाणी येतं. साइटवर कसं, प्लांट बंद पडलेला, मॅनेजर डोक्यावर उभा, तुम्ही पॅनलसमोर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेले, पहाटे चारला लाइन सुरू झाली की तुम्ही हीरो, वर चहा आणि वडापाव. इथे तुम्ही स्काडा प्रोजेक्ट बनवायच्या एडिटरच्या एका कोपऱ्यातल्या एका डायलॉग बॉक्सवर तीन आठवडे काम करता, मग ते टेस्टिंगला जातं, मग पुढच्या व्हर्जनमध्ये येतं, आणि ग्राहकाला ते आवडलं तर तो काहीच बोलत नाही कारण चालतंय म्हणजे चालतंय. कौतुकाची सवय असेल तर अवघड जातं. मला गेलं.

माझाच किस्सा सांगते. रुजू होऊन महिना पण झाला नव्हता, एका ग्राहकाच्या मीटरवरून व्हॅल्यू उलट्या-सुलट्या येत होत्या, मला लगेच कळलं की बाइट ऑर्डरचा घोळ आहे (आकड्याचे तुकडे उलट क्रमानं वाचले जातात), आपण असले मॉडबसचे (मशीनांची आपापसात बोलायची पद्धत) घोळ शंभर वेळा निस्तरलेत, मी रात्री बसून ड्रायव्हर (मीटरशी बोलणारा सॉफ्टवेअरचा भाग) दुरुस्त केला आणि फाइल थेट मेल करून टाकली. सकाळी शाबासकीच्या तयारीत ऑफिसला गेले. टीम लीडनं अगदी शांतपणे विचारलं, हे कुठल्या व्हर्जनमध्ये आहे, टेस्ट कोणी केलं, तिकीट नंबर काय, आणि ह्याच ड्रायव्हरवर दुसरे जे प्लांट चालू आहेत त्यांच्यात काय होईल. एकाही प्रश्नाला उत्तर नव्हतं माझ्याकडे. ओरडला नाही तो, ओरडला असता तर बरं वाटलं असतं. कारण मलाच आठवलं की गोव्यात वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत मी स्वतः कमिशनिंग (सिस्टम बसवून सुरू करून देणं) केलेलं, तिथे स्क्रीनवरचं एक बटण हलवायचं तरी चेंज कंट्रोलचा फॉर्म, सही, पुन्हा व्हॅलिडेशन, कारण अमेरिकेला माल पाठवायचा तर पार्ट इलेव्हन (तिथल्या एफडीएचा इलेक्ट्रॉनिक नोंदींचा) नियम पाळावा लागतो, कोणी कधी कुठला सेटपॉइंट (ठरवून दिलेली व्हॅल्यू) बदलला ह्याचा ऑडिट ट्रेल लागतो. तेव्हा मी त्या क्वालिटीवाल्यांना मनातून शिव्या घालायचे. आता मी त्यांच्या बाजूला आहे.

जुने प्रोजेक्ट हा तर वेगळाच विषय. कारखाना मोबाइल बदलल्यासारखा स्काडा बदलत नाही, दहा-पंधरा वर्षांपूर्वी बनवलेला प्रोजेक्ट नव्या व्हर्जनमध्ये उघडला पाहिजे आणि तसाच चालला पाहिजे, त्यामुळे तुम्हाला वाटेल हे असं विचित्र का लिहिलंय, आपण सुधारू, आणि मग कळतं की त्या विचित्रपणावर कुठलीतरी दारूची भट्टी (बिअरची म्हणतेय) वर्षानुवर्षं बिनबोभाट चालू आहे.

पण तुमची खरी किंमत कुठे आहे ते सांगते, कारण इंटरव्ह्यूत तुम्ही बहुतेक सी शार्प आणि सी प्लस प्लस घोकून गेला असाल. कोड लिहिणारी पोरं इथे भरपूर आहेत, युनिव्हर्सिटीतून थेट आलेली, हुशार आहेत, पण त्यातल्या बऱ्याच जणांनी चालू प्लांटमध्ये रात्रपाळी काढलेली नसते. ऑपरेटर हातमोजे घालून टचस्क्रीन दाबतो हे त्यांना सांगावं लागतं. मी एकदा मीटिंगमध्ये सांगितलं की आमच्याकडे एका प्लांटमध्ये अलार्म इतके यायचे की ऑपरेटरनं हूटरवर चिंध्या कोंबून वरून चिकटपट्टी लावली होती, सगळे हसले आणि मग गप्प झाले, कारण आमचं अलार्मचं पान पण तसंच होतं, एक व्हॉल्व्ह अडकला की चाळीस ओळी लाल. अलार्मच्या गाइडलाइन वाचल्यात का, एका ऑपरेटरला दहा मिनिटांत सरासरी एक अलार्म झेपतो असं धरतात. आपल्याकडे दहा सेकंदांत एक येतो आणि माणूस न वाचता ॲकनॉलेज मारत सुटतो. असल्या गोष्टी तुम्ही सांगू शकता, ती युनिव्हर्सिटीतली पोरं नाही.

ग्राफिक्सचंही तसंच. आपल्याकडे साहेबाला स्क्रीन कशी पाहिजे, टाकी थ्री-डी, पाइपमधून निळं पाणी वाहताना दिसलं पाहिजे, पंखा गरगर फिरला पाहिजे, कोपऱ्यात कंपनीचा लोगो चमकला पाहिजे. मी असले पंखे किती फिरवलेत. इथे बघाल तर सगळं करडं. नॉर्मल चालू असेल तर स्क्रीनवर रंगच नाही, काही बिघडलं तरच लाल-पिवळं. पहिल्यांदा वाटलं स्क्रीन अर्धवट राहिलीय. आयएसए १०१ म्हणून २०१५ चं स्टँडर्ड आहे एचएमआयवर (ऑपरेटरच्या स्क्रीनवर), जायच्या आधी ते नीट वाचा, सोबत मशीन आणि सॉफ्टवेअरमध्ये डेटा द्यायचं-घ्यायचं ओपीसी यूए आणि सिक्युरिटीचं आयईसी ६२४४३. सिक्युरिटीला हसू नका, २०१० ला स्टक्सनेट नावाचा कॉम्प्युटर व्हायरस सापडला तेव्हा तो सीमेन्सच्या विनसीसी (स्काडा) आणि स्टेप सेव्हन (पीएलसी प्रोग्रॅमिंग) ह्या सॉफ्टवेअरवरच घुसला होता, त्यानंतर "प्लांटचं नेटवर्क वेगळं आहे, काही होत नाही" हे वाक्य इथे कोणी बोलत नाही.

कंपन्यांबद्दल विचारलंत. ऑस्ट्रिया ह्या धंद्यात दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. साल्झबर्गमध्येच कोपा-डेटा आहे, १९८७ पासून, त्यांचं स्काडा सॉफ्टवेअर झेनॉन, प्रोग्रॅम लिहिण्यापेक्षा पॅरामीटर भरून प्रोजेक्ट बनवा ही त्यांची मूळ कल्पना. आयझेनश्टाटला ईटीएम आहे, विनसीसी ओए हे स्काडा तिथलं, २००७ ला सीमेन्सनी घेतली, जिनिव्हाच्या सर्न ह्या अणुकण संशोधन केंद्रात तेच वापरतात. साल्झबर्गच्या उत्तरेला एगल्सबर्ग नावाचं खेडं आहे, तिथे बी अँड आर ही ऑटोमेशन कंपनी, २०१७ ला एबीबीकडे गेली, त्यांचं पुण्यातलं ऑफिस तुम्हाला माहीत असेलच. ह्या मालकी बदलण्याकडे नीट बघा. आपण अजून ज्याला वंडरवेअर म्हणतो ते स्काडा सॉफ्टवेअर किती हातांतून फिरून आता श्नायडरच्या अवेवाखाली आलंय, आयकॉनिक्स ही दुसरी स्काडा कंपनी २०१९ ला मित्सुबिशीनं घेतली. त्यामुळे इंटरव्ह्यूत सरळ विचारा की मालक कोण आहे आणि तुमचं प्रॉडक्ट पुढच्या पाच वर्षांत कुठे असणार आहे. इथे असं विचारलेलं त्यांना खटकत नाही, उलट न विचारणाऱ्याबद्दलच शंका येते. आणि तुमचं काम डेव्हलपमेंटचं आहे, टेस्टिंगचं आहे की सपोर्टचं, हे लेखी घ्या. सपोर्ट असेल तर दिवसभर फोन आणि बऱ्यापैकी जर्मनमध्ये.

आता कागदपत्रं. तुमचं बहुतेक रोट-वाइस-रोट कार्ड होईल, म्हणजे लाल-पांढरं-लाल, त्यांच्या झेंड्यासारखं. गुणांवर मिळतं, शिक्षण, अनुभव, वय, भाषा, इंग्रजीलाही गुण आहेत, स्किल्ड वर्करच्या प्रकारात ९० पैकी ५५ लागतात. दोन वर्षांचं असतं आणि त्याच कंपनीला बांधलेलं असतं, हे लक्षात ठेवा, पहिली दोन वर्षं भांडून नोकरी सोडणं महागात पडतं. नंतर प्लस कार्ड, मग कुठेही काम करता येतं. बायकोला मात्र सुरुवातीलाच प्लस कार्ड मिळतं, म्हणजे कागदोपत्री ती तुमच्यापेक्षा मोकळी! फक्त फॅमिलीला यायच्या आधी ए-वनची (जर्मनच्या पहिल्या पायरीची) परीक्षा लागते का ते कार्डाच्या प्रकारावर आहे, ते कंपनीच्या एचआरकडून आत्ताच विचारून घ्या, व्हिसाच्या वेळेला नको.

पगार वर्षाला चौदा वेळा येतो, उन्हाळ्यात एक आणि नाताळच्या आधी एक जास्त, आणि त्या दोनवर टॅक्स अगदी कमी. त्यामुळे महिन्याचा आकडा बारानं गुणून नाक मुरडू नका. नोकरीच्या जाहिरातीत किमान पगार लिहिणं कायद्यानं लागतं, तो आकडा फक्त किमान असतो, घासाघीस करा, आपण लाजतो तिथे. पाच आठवडे सुट्टी, ती घ्यायचीच असते. आणि "ऑल-इन" हा शब्द काँट्रॅक्टमध्ये शोधा, त्याचा अर्थ ओव्हरटाइम पगारातच धरलेला आहे. मी न बघता सही केली होती. पहिला महिना ट्रायल असतो, त्यात दोघांपैकी कोणीही उद्यापासून नको म्हणू शकतं, तर पुण्याचा फ्लॅट पहिल्याच महिन्यात भाड्याने देऊ नका. काही अडलं तर आर्बायटरकामर म्हणून कामगारांची संस्था आहे, आपण आपोआप मेंबर असतो, वर्गणी पगारातूनच कापली जाते आणि वकिलाचा सल्ला फुकट. काँट्रॅक्टचं नीट कळलं ते मला तिथेच.

घर शोधणं ही खरी परीक्षा, साल्झबर्ग महाग आहे, एका बाजूला डोंगर, एका बाजूला जर्मनी, शहर पसरायला जागाच नाही. साधारण तीन महिन्यांचं डिपॉझिट बाजूला ठेवा. ब्रोकर घरमालकानं बोलावला असेल तर २०२३ च्या जुलैपासून त्याचे पैसे मालकानंच द्यायचे, कोणी मागितले तर देऊ नका. राहायला गेलात की तीन दिवसांत नोंदणी, त्या फॉर्मवर घरमालकाची सही लागते, तो कागद जपून ठेवा, बँकेपासून बालवाडीपर्यंत सगळीकडे तोच मागतात.

मुलीची अजिबात काळजी करू नका. शाळेच्या आधीचं एक वर्ष बालवाडी सक्तीची आहे, सहा महिन्यांत ती तुमचं जर्मन सुधारायला लागेल. काळजी बायकोची करा. हे कोणी लिहित नाही म्हणून लिहिते. माझा नवरा माझ्यामागे आला, पुण्यात बँकेत होता, इथे पहिलं दीड वर्ष नोकरी नाही, बाहेर दोरीसारखा सरळ पाऊस (त्याला इथे नावच आहे, श्न्युर्लरेगन), रविवारी दुकानं बंद, आणि मी संध्याकाळी येऊन ड्रायव्हरच्या गप्पा मारणार. आमची भांडणं पोहे जाड का पातळ ह्यावरून व्हायची पण कारण ते नव्हतं. मग तो बी-वनपर्यंत (मधल्या पातळीपर्यंत) जर्मन शिकला आणि अकाउंट्समध्ये लागला. त्यामुळे क्लास तुमच्या आधी तिचा लावा, पुण्यातच, आत्ताच. तुमचं ऑफिस इंग्रजीत निभावेल, तिचं नाही. आणि शिकलेलं जर्मन इथे आल्यावर पहिले दोन महिने ओळखूच येत नाही कारण सगळे साल्झबर्गी बोलीत बोलतात, त्याचं मनावर घेऊ नका.

मला विचाराल तर जावं, पण तिचं मन असेल तर, आणि काम डेव्हलपमेंटचं किंवा टेस्टिंगचं असेल तर. ऑफर लेटरमध्ये ऑल-इन आहे का आणि कामाचं वर्णन काय लिहिलंय ते बघून इथेच सांगा, मग पगाराच्या आकड्यावर बोलू.