लीफ्स हरले, पोरगा पँथर्सचा झाला

ताई, मी मूळचा कोल्हापूरचा, २०१२ पासून कॅनडात, टोरांटोजवळच्या मिसिसॉगात. टोरांटोच्या आइस हॉकी टीमचा, मेपल लीफ्सचा कट्टर माणूस. १८ मे २०२५ च्या रविवारी फ्लोरिडा पँथर्सविरुद्धच्या सिरीजची सातवी, निर्णायक मॅच आम्ही घरच्या बर्फावर ६-१ ने हरलो. मॅच संपली तशी माझ्या अकरा वर्षांच्या मुलाने जर्सी काढली आणि म्हणाला, “बाबा, पुढच्या वर्षी मी पँथर्सचा.” माझं डोकं फिरलं. “आपल्या घरात गद्दार चालत नाहीत,” असं बोलून गेलो, वर तीन दिवस अबोला धरला. आता दीड महिना झाला, तो हॉकीचं नाव काढत नाही. जर्सी ड्रायरवर तशीच पडलीय. बायको म्हणते, कुणाची म्हैस, कुणाला उठबस! माझं चुकलं का? आणि त्याला परत लीफ्सकडे कसं आणू?
— निळ्या जर्सीतला बाबा

बाबा,

हो, चुकलं. ‘गद्दार’ हा शब्द अकरा वर्षांच्या पोराला लावायचा नसतो. त्याची माफी मागा, आणि माफीत ‘पण’ घालू नका. “सॉरी, पण तूसुद्धा...” असली माफी पोरं लगेच ओळखतात.

वहिनींची म्हण मात्र मला मान्य नाही. म्हैस तुमचीच आहे. १९६७ नंतर ज्या टीमने स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, पाहिला नाही, ती यंदा पहिल्या दोन मॅच जिंकते, मग सलग तीन हरते, सहावी फ्लोरिडात जाऊन २-० ने मारते आणि सातवीला आपल्याच लोकांसमोर कोसळते. आशा लावून तोंडावर पाडण्यात लीफ्सचा हात धरणारा कुणी नाही. वाईट वाटणारच. त्या रात्री प्रेक्षकांनी जर्सी काढून बर्फावर फेकल्या, तुमच्या पोराने निदान घरात काढली.

तुमच्या लांबलचक पत्रातली, इथे न छापलेली एक गोष्ट मी दोनदा वाचली. मे २०१३. वेअरहाऊसमधली नवी नोकरी, कामापुरतं बोलणारे लोक. बॉस्टनविरुद्धची सातवी मॅच, शेवटच्या पिरियडमध्ये लीफ्स ४-१ ने पुढे, आणि ओव्हरटाइममध्ये ५-४ ने हार. तुम्हाला तेव्हा आइसिंगचा साधा नियमही कळत नव्हता. दुसऱ्या दिवशी ब्रेकरूममध्ये एक सहकारी न बोलता तुमच्या पुढ्यात कॉफीचा कप ठेवून बाजूला बसला. तोवर त्याला तुमचं नावही धड घेता येत नव्हतं.

अहो, त्या दिवशी तुम्ही त्या गावचे झालात! पासपोर्ट नंतर आला असेल. म्हणून मुलाने जर्सी काढली तेव्हा तुम्हाला वाटलं, तो घर सोडून चाललाय. पण तुमचा मुलगा तिथेच जन्मलाय. त्याला त्या गावचं होण्यासाठी कुठल्याच टीमची गरज नाही. तुम्हाला जो आधार होता, तो त्याच्यासाठी खेळ आहे. नशीबवान पोर.

त्यात तुम्ही कोल्हापूरचे. पाटाकडील तालमीच्या घरातला पोरगा शाहू स्टेडियमवर फुटबॉलला दुसऱ्या तालमीसाठी ओरडला, तर चुलत्यांचे चेहरे कसे होतील ते मला सांगू नका, माझं सासर तिथलंच. पेठ जन्माने मिळते. एनएचएलमध्ये, म्हणजे लीफ्सच्या हॉकी लीगमध्ये, खेळाडूच जागेवर नसतात. ज्या मार्शांडने बॉस्टनच्या जर्सीत तुम्हाला वर्षानुवर्षं छळलं, तो याच मार्चमध्ये फ्लोरिडात आला आणि तिथूनही छळून गेला. लीफ्सचा मार्नर तर टोरांटोजवळच्या मार्कमचा, घरचाच पोरगा. नऊ सीझन निळ्यात खेळून आता वेगासला गेला. तोही गद्दार का?

आणखी एक. सिरीज संपल्यावर दोन्ही टीम रांगेत उभ्या राहून हात मिळवतात, तुम्ही दरवर्षी पाहता. सहा गोल खाल्लेली, दाढ्या वाढलेली माणसं त्या रात्री एकेका पँथरचा हात हातात घेत होती. त्याच सुमाराला तुमच्या हॉलमध्ये काय चाललं होतं, ते आठवा.

त्याला परत आणायचं काढू नका. माफी मागून झाल्यावर दोन-चार दिवस जाऊ द्या, मग विचारा, पँथर्समध्ये तुला कोण आवडतं? तो गोलकीपर बॉब्रॉव्हस्कीबद्दल सांगेल, कदाचित मार्शांडबद्दलही. मार्शांडचं नाव आलं तर ओठ चावा, पण ऐका. सलग दोन वर्षं कप जिंकणारी टीम पोराला आवडली, यात आश्चर्य काय? ऑक्टोबरात सीझन सुरू झाला की लीफ्स-पँथर्सची एक मॅच दोघं मिळून बघा. पँथर्सनी गोल केला की सोफ्यावरून उठायचं नाही, एवढी एकच अट तुमच्यावर.

जर्सी ड्रायरवरून उचला. त्याच्या कपाटात नको, तुमच्या कपाटात ठेवा. मागितली तर द्या.

— ताई