हायडन-मोझार्टच्या काळातले कमी ऐकलेले संगीतकार: सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोझार्ट, हायडन, बीथोव्हेन बरेच ऐकून झालेत, आता त्याच काळातले फारसे माहीत नसलेले संगीतकार ऐकायचे आहेत. सुरुवात कुणापासून करावी, आणि त्या काळच्या वाद्यांवर केलेली रेकॉर्डिंग शोधावीत की नेहमीच्या ऑर्केस्ट्राची चालतील?

मी आधी वाद्यांबद्दल सांगतो, मग संगीतकारांकडे येतो. मोझार्टची चाल इतकी भक्कम असते की कुठल्याही वाद्यावर ती तरून जाते. क्राउस, रोझेट्टी, दुसेक या मंडळींचं तसं नाही. त्यांच्या रचनांत चालीइतकंच वजन त्या त्या वाद्याच्या आवाजाला आहे. तो आवाज गुळगुळीत झाला की ऐकणाऱ्याला वाटतं, ‘हं, मोझार्टसारखंच आहे, जरा कमी प्रतीचं.’ या लोकांवर दुय्यमपणाचा शिक्का बसला त्यात वाद्यं बदलल्याचाही हात आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून निदान पहिली ओळख तरी जुन्या वाद्यांवर होऊ द्या. जुनी म्हणजे त्या काळातली मूळ वाद्यं किंवा त्यांच्या बरहुकूम आज घडवलेली.

फरक कुठे पडतो? व्हायोलिन आणि चेलोला धातूच्या तारांऐवजी आतड्याची तात असते, आपल्या सारंगीच्या मुख्य तारा असतात तशीच. आवाज कमी चकचकीत, पण गज लागल्याची जाणीव प्रत्येक सुराच्या सुरुवातीला होते. सूर सतत थरथरवत ठेवायचा नाही, ठरावीक जागीच. पट्टीही उतरलेली: आजच्या 440 हर्ट्झऐवजी या काळच्या संगीतासाठी बहुतेक वाद्यवृंद 430 धरतात. बासरी लाकडी, टिंपनीला (म्हणजे ऑर्केस्ट्रातल्या मोठ्या नगाऱ्यांना) कातडं आणि वाजवायला कडक काठ्या, त्यामुळे ठोका घुमत न राहता नेमका लागतो.

पण मला विचाराल तर खरी गंमत हॉर्नमध्ये आहे. आज आपण पाहतो त्या हॉर्नला व्हॉल्व्ह असतात. ते आले 1810च्या दशकात. त्याआधीचा हॉर्न म्हणजे गुंडाळलेली नुसती नळी. तिच्यातून आपसूक निघणारे स्वर मोजकेच असतात, खाली एकमेकांपासून लांब लांब आणि वर गेलं की जवळ जवळ. मधले स्वर हवे असतील तर वादक उजवा हात कर्ण्यात घालून तोंड कमीजास्त बंद करतो. 18व्या शतकाच्या मध्यावर ड्रेस्डेनच्या हाम्पेल नावाच्या वादकाने हे तंत्र रुजवलं. हात आत गेला की स्वर दबका, नाकातला, थोडा कडवट होतो. हात बाहेर आला की मोकळा. एकाच ओळीत असे दोन-तीन रंग येतात, आणि कुठे कुठला रंग येणार हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. व्हॉल्व्हच्या हॉर्नवर तीच ओळ सगळी एकसारखी वाजते. स्वर बरोबर, पण लिहिणाऱ्याने योजलेला चढउतार गेलेला.

याच नळीच्या मर्यादेतून काय काय निघालं पाहा. हायडनच्या 39व्या सिम्फनीत, जी मायनरमध्ये (मायनर म्हणजे गंभीर, उदास वळणाची स्वरपंक्ती), चार हॉर्न आहेत. दोन एका सुरातले, दोन दुसऱ्या सुरातले, कारण एका जोडीकडे जो स्वर नाही तो दुसरीकडे सापडतो. मोझार्टच्या 25व्या सिम्फनीतही तीच युक्ती आहे. हे एकदा कानाला समजलं की त्या काळातलं कुठलंही संगीत तुम्ही वेगळ्या तऱ्हेने ऐकू लागाल.

आता संगीतकार. माझं पहिलं नाव योझेफ मार्टिन क्राउस, आणि बाकी कुणी ऐकलं नाहीत तरी चालेल पण याला ऐकाच. जन्म 1756, म्हणजे मोझार्टच्याच साली, जर्मनीत माइन नदीकाठच्या मिल्टेनबर्गला. तरुणपणी तो स्टॉकहोमला गेला आणि राजा गुस्ताव तिसरा याच्या दरबारात त्याला जागा मिळाली. हा राजा नाटक-संगीताचा मोठा शौकीन. त्याने क्राउसला 1782 साली स्वतःच्या खर्चाने युरोपच्या दौऱ्यावर धाडलं, जग बघून ये म्हणून. तो दौरा 1787पर्यंत चालला. व्हिएन्नात क्राउसला ऑपेरांचा संगीतकार ग्लुक भेटला, एस्टरहाझाला हायडन भेटला, मग इटली, पॅरिस, लंडन.

त्या दौऱ्यातली 1783ची सी मायनर सिम्फनी ऐका. आधीची एक सी शार्प मायनर सिम्फनी मोडून त्याने ती नव्याने बांधली. सुरुवात संथ आहे. एक सूर धरून ठेवलेला, खालचा त्याच्या अगदी जवळ येऊन घासतो, मग वरचा नाइलाजाने एक पायरी खाली उतरतो, आणि लगेच पुढची जोडी तेच करते. ग्लुकच्या ‘इफिजेनी ऑं ओलीद’ या ऑपेराच्या सुरुवातीची सावली इथे स्पष्ट आहे. तातीवर आणि न थरथरवता वाजवलं की ही घासाघीस अंगावर येते. थरथरवला की तो खरखरीतपणा झाकला जातो आणि नुसतं ‘गंभीर वातावरण’ उरतं. त्यानंतरचा वेगवान भाग तर श्वास घेऊ देत नाही. जोव्हान्नी आंतोनिनी या इटालियन संगीतसंचालकाने हायडनच्या 300व्या जन्मवर्षापर्यंत, म्हणजे 2032पर्यंत, त्याच्या सगळ्या सिम्फनी रेकॉर्ड करायचं काम हाती घेतलंय. त्या मालिकेच्या पाचव्या भागात हायडनच्या सिम्फनींच्या जोडीला क्राउसची ही सी मायनर ठेवली आहे. वादन बासेल चेंबर ऑर्केस्ट्राचं. हायडनच्या शेजारी बसूनही क्राउस तसूभर कमी पडत नाही, हे त्या एका अल्बममध्ये तुमचं तुम्हालाच कळेल.

क्राउसची दुसरी रचना ‘सेंफोनी फ्युनेब्र’. मार्च 1792मध्ये गुस्तावला एका मुखवट्यांच्या नाचसमारंभात गोळी घातली गेली आणि दोनेक आठवड्यांनी तो गेला. (वेर्दीच्या ‘उन बाल्लो इन मास्केरा’ या ऑपेराचं मूळ याच घटनेत आहे.) राजाच्या अंत्यविधीसाठी क्राउसने ही सिम्फनी लिहिली. चार भाग, चारही संथ, आणि सुरुवात कापड टाकून दबक्या केलेल्या टिंपनीच्या एकट्या ठोक्यांनी. वर्ष संपायच्या आत, डिसेंबर 1792मध्ये, क्राउसही क्षयाने गेला. वय 36. मोझार्ट जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

क्राउसच्या इतर सिम्फनींसाठी कॉन्चेर्तो कोल्न या वाद्यवृंदाचे दोन अल्बम आहेत. हा 1985 साली कोलोन शहरात उभा राहिलेला गट. तुमच्यासारख्या श्रोत्याला मी सांगेन की एक वेळ संगीतकारांची यादी बाजूला ठेवा आणि या गटाचा माग काढा. क्राउस, रोझेट्टी, व्हानहाल या सगळ्यांना त्यांनी हात घातलाय, आणि वाजवतात ते असं की जणू या लोकांना कुणी कधी विसरलंच नव्हतं.

रोझेट्टी हा नावाने इटालियन, पण मूळचा बोहेमियातला अंतोन रोझलर. जर्मनीत वालरश्टाइनच्या राजपुत्राकडे तो डबल बास वाजवायचा. त्या दरबारात हॉर्नचे दोन पट्टीचे वादक होते, त्यामुळे याने हॉर्नसाठी भरभरून लिहिलं. वर हॉर्नबद्दल जे लिहिलं ते कानाने पडताळायचं असेल तर याच्याकडेच जा. त्याच्या सिम्फनींतसुद्धा हॉर्न नुसता भरीला नसतो, तो बोलतो.

व्हानहाल वेठबिगार कुटुंबात जन्मला आणि संगीताच्या कमाईवर त्याने स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं. मायकेल केली या गायकाने व्हिएन्नातल्या एका मैफलीची आठवण लिहून ठेवली आहे: पहिलं व्हायोलिन हायडन, दुसरं त्या काळचा संगीतकार डिटर्सडोर्फ, व्हायोला मोझार्ट आणि चेलो व्हानहाल. ज्याला या तिघांनी बरोबरीने बसवलं त्याच्या मायनर सुरांतल्या सिम्फनी ऐकायला आणखी शिफारस कशाला हवी?

पियानोकडे वळलात तर यान लादिस्लाव दुसेक. इथे वाद्याचा प्रश्न आणखी टोकाचा होतो, कारण त्या वेळचा फोर्टेपियानो हे आजच्या पियानोपेक्षा वेगळंच वाद्य आहे. आत लोखंडी चौकट नाही, सगळं लाकूड. तारा बारीक, हातोड्यांवर चामडं, आणि व्हिएन्नाच्या पियानोला साधारण पाच सप्तकं. सूर लवकर विरतो, त्यामुळे खर्जातले दाट स्वरसमूहही चिखल न होता सुटे सुटे ऐकू येतात. दुसेक लंडनमध्ये राहिला आणि तिथल्या ब्रॉडवुड कंपनीने पियानोची पट्टी पाच सप्तकांच्या पुढे वाढवली ती त्याच्या आग्रहाने. इंग्रजी पियानोचा आवाज व्हिएन्नाच्या पियानोपेक्षा भरदार आणि जास्त रेंगाळणारा. दुसेकचं गाणारं, पसरट लेखन त्याच आवाजाला धरून आहे. म्हणून दुसेक ऐकताना पियानो कुठल्या बनावटीचा आहे हे जरूर बघा.

पुढे प्रशियाचा राजपुत्र लुई फर्डिनांड हा त्याचा शिष्य आणि दोस्त झाला. 1806मध्ये झालफेल्डच्या लढाईत तो मारला गेला, आणि दुसेकने त्याच्या स्मरणार्थ एफ शार्प मायनरमध्ये सोनाटा लिहिला, ओपस 61. दोनच भाग. दुसऱ्या भागात उजवा हात तालाच्या ठोक्यावर जवळजवळ येतच नाही, सतत अर्धी मात्रा मागेपुढे. शोक म्हटला की संथ असायला हवा ही आपली सवय, इथे तो अस्वस्थ, धाप लागल्यासारखा आहे. दुसेकसाठी आंद्रेआस श्टायरची रेकॉर्डिंग शोधा. कॉन्चेर्तो कोल्नबरोबर त्याने दुसेकचे पियानो कॉन्चेर्तोही वाजवलेत.

बाकीची नावं भरभर सांगतो. कार्ल फिलिप एमान्युएल बाखच्या 1773च्या सहा हॅम्बुर्ग सिम्फनी, नुसत्या तंतुवाद्यांसाठी. त्या लिहून घेणाऱ्या बॅरन व्हान स्वीटेन या संगीतप्रेमी सरदाराने सांगितलं होतं, वाजवायला कठीण होईल याची पर्वा न करता लिही, आणि त्याने तो शब्द पुरेपूर पाळला. ट्रेव्हर पिनॉक आणि इंग्लिश कॉन्सर्टचं रेकॉर्डिंग जुनं असूनही अजून तडफदार वाटतं. मिखाएल हायडन, म्हणजे योझेफचा धाकटा भाऊ: 1771चा त्याचा सी मायनर रिक्विएम (मृतांसाठीची चर्चमधली प्रार्थना) किंग्ज कॉन्सर्टच्या रेकॉर्डिंगमध्ये ऐका आणि मग मोझार्टचा रिक्विएम पुन्हा लावा. मोझार्ट तेव्हा साल्झबुर्गमध्ये 15 वर्षांचा होता, आणि त्याने कान किती उघडे ठेवले होते ते समजेल.

बोक्केरीनीचं एकच मिनुएट सगळीकडे वाजतं आणि त्याच्यावर मोठा अन्याय होतो. आयुष्याचा बराच काळ तो स्पेनमध्ये होता. त्याच्या ‘माद्रिदच्या रस्त्यांवरचं रात्रीचं संगीत’ या पंचवाद्य रचनेत चर्चच्या घंटा आहेत, गस्तीच्या शिपायांचे ढोल आहेत, आणि एका ठिकाणी चेलोवाल्यांना सूचना आहे की वाद्य मांडीवर आडवं घ्या आणि गिटारसारखं नखांनी छेडा. जोर्दी सव्हालच्या ‘ल कॉन्सेर दे नास्यों’ने हे फार रंगवून वाजवलंय.

एक सावधगिरी. ‘पीरियड इन्स्ट्रुमेंट्स’ असं लिहिलेलं सगळंच उत्तम नसतं. जुन्या वाद्यांवर वाजवण्याच्या या चळवळीच्या सुरुवातीच्या काळातली काही रेकॉर्डिंग कोरडी आहेत, सूरही डळमळतात. उलट क्राउसच्या सिम्फनींची पेटर सुंडक्विस्ट आणि स्वीडिश चेंबर ऑर्केस्ट्रा यांची नॅक्सॉसवरची मालिका आधुनिक वाद्यांवर असूनही झकास आहे, कारण वाजवणाऱ्यांना त्या काळची शैली माहीत आहे. सी मायनर सिम्फनी आधी तिथे ऐका, लगेच आंतोनिनीची लावा. वाद्यांचा फरक खरंच कळतो का, हे तुमचे कानच सांगतील. हेडफोनपेक्षा साध्या स्पीकरवर ऐकलंत तर वाद्यांच्या आवाजाचा समतोल जास्त चांगला कळतो, असा माझा अनुभव आहे.

शोधताना नावांचा घोळ होतो. व्हानहालचं स्पेलिंग जुन्या प्रकाशनांवर ‘डब्ल्यू’ने सुरू होतं, तर काही ठिकाणी चेक पद्धतीने लिहिलेलं असतं, दुसेकचंही तसंच. क्राउसच्या एकाच सुरातल्या दोन-दोन सिम्फनी आहेत. म्हणून त्याच्या रचनांच्या सूचीतला ‘व्हीबी’ क्रमांक टाकून शोधा: सी मायनरचा क्रमांक व्हीबी 142, ‘सेंफोनी फ्युनेब्र’चा व्हीबी 148.