ट्रकांचा ताफा, काफिला की तांडा?

‘कॉन्व्हॉय’ या ‘कंट्री’ शैलीतील जुन्या अमेरिकी गाण्याविषयी मराठीत लिहिताना शीर्षकातील शब्दासाठी ताफा, काफिला आणि तांडा यांपैकी कोणता शब्द योग्य ठरेल, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. माझे मत ‘तांडा’ या शब्दाला आहे.

‘कॉन्व्हॉय’ हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला असून त्याच्या मुळाशी वाट या अर्थाचा ‘व्हिया’ हा लॅटिन शब्द आहे. वाटेत सोबत करणे हा त्याचा जुना अर्थ, आणि ही सोबत बहुधा संरक्षणासाठी असे. महायुद्धांत मालवाहू जहाजांबरोबर युद्धनौका जात, तेव्हा त्या समूहाला याच अर्थाने कॉन्व्हॉय म्हणत. गाण्यात मात्र हा अर्थ गमतीदारपणे उलटला आहे, कारण येथे ट्रकचालकांना सोबत हवी आहे ती पोलिसांपासून वाचण्यासाठी.

त्याला कारणही तसेच होते. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, वेगमर्यादा देशभर लागू झाली आणि मैलांच्या हिशेबाने कमाई करणारे ट्रकचालक संतापले. पुढे पोलीस दबा धरून बसले आहेत, हे ते एकमेकांना सिटिझन्स बँड रेडिओवरून, म्हणजे सामान्य नागरिकांसाठीच्या दुतर्फा बोलता येणाऱ्या बिनतारी संचावरून, कळवू लागले. या रेडिओवर खऱ्या नावाऐवजी टोपणनाव चाले आणि त्याला ‘हँडल’ म्हणत. पोलिसाला ‘अस्वल’ म्हणत, कारण वणव्यांविषयी सावध करणाऱ्या सरकारी जाहिरातींतील स्मोकी या अस्वलाची टोपी महामार्ग पोलिसांच्या टोपीसारखी होती. ‘संदेश मिळाला’ या अर्थाचा ‘टेन-फोर’ हा संकेत तर चालकांनी थेट पोलिसांच्याच बिनतारी भाषेतून उचलला होता.

गाण्यातला म्होरक्या ‘रबर डक’. त्याच्या मागून डुकरे घेऊन येणारा ‘पिग पेन’ वासामुळे ‘जरा मागे राहा’ असे ऐकून घेतो. सुरुवातीला तीनच ट्रक आहेत. टल्सा शहरापर्यंत ते पंचाऐंशी होतात आणि पुढे हजार. सी. डब्ल्यू. मॅकॉल या नावाने हे सारे सांगणारा गायक ट्रकचालक नव्हताच. तो ओमाहा शहरातील जाहिरात व्यावसायिक बिल फ्राइज होता आणि मॅकॉल हे पात्र त्याने पावाच्या एका जाहिरातीसाठी रचले होते. संगीत चिप डेव्हिसचे होते. १९७५ च्या अखेरीस आलेले हे गाणे जानेवारी १९७६ मध्ये ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या कंट्री आणि सर्वसाधारण अशा दोन्ही याद्यांत पहिल्या क्रमांकावर होते. रेडिओवरची टोपणनावांची बोली एका टोपणनावाच्याच माणसाने घरोघरी पोहोचवली, ही गंमत मला गाण्याइतकीच आवडते.

आता मराठी पर्यायांकडे वळू. ‘ताफा’ हा वृत्तपत्री शब्द अर्थाने चुकीचा नाही; पण ‘मंत्र्यांचा ताफा’ इतक्या वेळा वाचून झाला आहे की त्यातून लाल दिवा आणि बंदोबस्तच डोळ्यांसमोर येतो, म्हणजे गाण्याच्या नेमके विरुद्ध चित्र. ‘काफिला’ कानाला गोड लागतो, परंतु त्यात उंट आणि वाळवंट डोकावते, शिवाय हिंदी चित्रपटगीतांची छायाही पडते. लमाणांचा तांडा मात्र धान्य आणि मीठ बैलांवर लादून दूरवर वाहून नेणाऱ्या व्यावसायिकांचा होता. वाटेतल्या धोक्यांपासून त्यांना एकमेकांचाच आधार असे, आणि म्होरक्याला ‘नाईक’ म्हणत. रबर डकचे स्थान याहून नेमके सांगणारा शब्द मला सुचत नाही.

आज तांडा म्हणजे बंजारा वस्ती हा अर्थ अधिक रूढ आहे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून नुसता ‘तांडा’ न लिहिता ‘ट्रकांचा तांडा’ असे लिहावे. शीर्षक विशेषनाम असल्याने ‘कॉन्व्हॉय’ असेच ठेवावे आणि पहिल्या उल्लेखापाशी हा मराठी अर्थ द्यावा.