शाळा चालू असताना होणाऱ्या प्रशिक्षणांचा शिक्षकाला खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की नोकरीचं पहिलंच वर्ष आहे, ऐन सत्रात तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला नाव लागलंय, अभ्यासक्रम आधीच मागे पडलाय आणि जाऊन काही पदरात पडणार आहे का ते कळत नाही. मी 18 वर्षं गणित शिकवते, बहुतेक सहावी-सातवीला. खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त प्रशिक्षणांतून मी एक कोरी वही आणि हजेरीच्या कागदावर सही एवढंच करून परत आले आहे. पण एका प्रशिक्षणाने माझा तास पार बदलून टाकला, म्हणून लिहायला बसले.

आधी गैरसोयीचं बोलून घेऊ. बदली तासाला येणारा शिक्षक बिचारा वर्ग शांत ठेवतो. त्याहून जास्त अपेक्षा करूही नये, त्याचा स्वतःचा मोकळा तास गेलेला असतो. तुम्ही परत येता तेव्हा मुलं मागचं विसरलेली असतात, वह्या तुंबलेल्या असतात, आणि प्रशिक्षणात जे ऐकलं ते करून बघायला उसंत नसते. सुट्टीतल्या प्रशिक्षणात डोकं मोकळं असतं हे खरं, पण समोर वर्गच नसतो. ऐकलेलं तपासायचं कुठे? वर्ग सुरू होईपर्यंत त्यातलं काही उरत नाही. म्हणून कुरकुर करत का होईना, मी चालू वर्षातल्या प्रशिक्षणाच्या बाजूची आहे.

तर ते प्रशिक्षण. विषय होता वर्गात प्रश्न विचारण्याचा. मार्गदर्शक बाईंनी मेरी बड रो या अमेरिकी संशोधकाचं काम सांगितलं. 1970 च्या दशकात रो यांनी विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. त्यांना दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम 1 सेकंद थांबतात. मग दुसऱ्या मुलाकडे वळतात, प्रश्नच बदलतात किंवा स्वतः उत्तर देऊन मोकळे होतात. हे थांबणं 3 सेकंदांवर नेलं की मुलांची उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. मी मनात म्हटलं, असतील असे शिक्षक, मी काही एवढी घाई करत नाही.

एरवी इथेच संपलं असतं. पण हे प्रशिक्षण दोन तुकड्यांत होतं. एक दिवस झाला की शाळेत परत जायचं, स्वतःच्या तासाची 20 मिनिटं रेकॉर्ड करायची आणि दोन आठवड्यांनी ती घेऊन यायचं.

मी फोन टेबलावर उपडा ठेवला आणि अपूर्णांकांची बेरीज घेतली. रात्री ऐकायला बसले आणि चार मिनिटांत बंद केलं. 'छेद वेगळे आहेत, मग काय काढायचं? लसावि. लसावि काढायचा, बरोबर?' प्रश्न माझा, उत्तर माझं आणि वर 'बरोबर' पण माझंच! दुसऱ्या दिवशी धीर करून सगळं ऐकलं आणि कागदावर रेघा मारत गेले. 20 मिनिटांत 34 प्रश्न. त्यातल्या 11 प्रश्नांची उत्तरं मीच दिलेली. सेकंद मोजायची वेळच आली नाही.

मग थांबायचा सराव सुरू केला. 3 सेकंद म्हणजे किती हे वर्गासमोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. घशाशी आलेलं उत्तर गिळावं लागतं. मी टेबलाखाली बोटं मोजायची. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमही त्याच प्रशिक्षणाला होत्या, तेव्हा आम्ही ठरवलं की आठवड्यातून एक तास एकमेकींच्या वर्गात मागे बसायचं. पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "तुम्ही प्रश्नानंतर आता थांबता हो, पण पोरगं बोललं रे बोललं की लगेच 'शाब्बास' नाहीतर 'चूक' म्हणून मोकळ्या होता." रो यांनी हे दुसरं थांबणंही सांगितलं होतं, मुलाचं उत्तर आल्यानंतरचं. ते मी वहीत लिहून घेतलं होतं आणि साफ विसरले होते.

पुढच्या तासाला एका मुलाने फळ्यावर एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच असं लिहिलं. ही चूक दरवर्षी होते, वरचे वर, खालचे खाली. एरवी मी डस्टर उचललं असतं. या वेळी गप्प राहिले. तो माझ्याकडे बघतोय, मी फळ्याकडे. वर्गात चुळबुळ. मग तिसऱ्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "बाई, पण दोन छेद पाच तर अर्ध्यापेक्षा कमी आहे." त्या मुलाने वळून फळ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो की! मिळवलं तर कमी कसं होईल?" आणि स्वतःच पुसलं. लसावि मी 18 वर्षं शिकवतेय, पण तो का काढायचा हे त्या दिवशी मुलांनीच एकमेकांना सांगितलं.

तुमच्या तीन दिवसांबद्दल मात्र थोडं कोरडं बोलावं लागेल. अमेरिकेत 2007 साली शिक्षक प्रशिक्षणाचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. 1300 हून जास्त अभ्यास चाळल्यावर कसोटीला उतरले फक्त 9. त्यांपैकी ज्यांत प्रशिक्षण 14 तास किंवा त्याहून कमी होतं, त्यांत मुलांच्या शिकण्यावर ठोस परिणाम दिसला नाही. 9 अभ्यास ही फार मोठी शिदोरी नव्हे, तरी माझ्या अनुभवाशी ते जुळतं. माझेही प्रशिक्षणाचे तास थोडेच होते. फरक पडला तो नंतर शाळेत घालवलेल्या तासांनी. जपानमधले शिक्षक हे 'जुग्यो केन्क्यू' नावाने कितीतरी वर्षं करत आले आहेत. काही जण मिळून एक पाठ आखतात, एक शिकवतो, बाकीचे मागे उभे राहून मुलांकडे बघतात (शिकवणाऱ्याकडे नव्हे, हे महत्त्वाचं) आणि नंतर त्यावर बोलतात. आमची जोडगोळी सहा आठवडे टिकली. मग परीक्षा आल्या, मोकळे तास गेले आणि ते बंद पडलं. आजही घाईत असले की मी पुन्हा 1 सेकंदावर येते.

आणि हो, तिथे कुणी 'वाचलेलं 10 टक्के, ऐकलेलं 20 टक्के लक्षात राहतं' असा त्रिकोण पडद्यावर दाखवला तर तो वहीत उतरवू नका. त्याचं मूळ म्हणजे एडगर डेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी 1946 साली मांडलेला 'अनुभवांचा शंकू', आणि त्यात एकही टक्केवारी नव्हती, ती नंतर कुणीतरी चिकटवली. मी हा त्रिकोण चार वेगवेगळ्या प्रशिक्षणांत पाहिलाय.

तेव्हा जा. नाव लागलंय म्हणजे जावं लागणारच आहे. जाताना पुढच्या आठवड्यात शिकवायचा एक पाठ सोबत न्या आणि जे ऐकाल ते त्या पाठाला लावून बघा. लागत नसेल तर तिथल्या तिथे विचारा, मार्गदर्शकांना असे प्रश्न आवडतात. परत आल्यावर एखाद्या सहकाऱ्याला 20 मिनिटं मागे बसायला सांगा. वरिष्ठ नको, शक्यतो तुमच्याच बरोबरीचं कुणी. रेकॉर्डिंग करणार असाल तर आधी मुख्याध्यापकांना विचारा, मुलांना सांगा आणि ऐकून झालं की पुसून टाका. पहिल्यांदा ऐकताना स्वतःचाच आवाज नकोसा होईल. मी चार मिनिटांत बंद केलं होतं, तुम्ही पाच मिनिटं तरी ऐका.