विदर्भ एक्सप्रेसने नागपूरहून मुंबईला जाताना रात्रीचं जेवण घरून न्यावं की वाटेत घ्यावं?

डबा घरूनच न्या. जमत नसेल तर ई-केटरिंगवरून (रेल्वेची ऑनलाइन जेवण मागवायची सोय) बडनेरा किंवा अकोल्याला सीटवर मागवा, पण भुसावळच्या भरवशावर राहू नका. या गाडीने वर्षानुवर्षं जाणं-येणं आहे, त्यावरून सांगतो. नागपूर संध्याकाळी पाचनंतर सुटतं, बडनेरा आठच्या आसपास, अकोला नऊच्या सुमारास आणि भुसावळ येईस्तोवर अकरा वाजतात. रात्री दहानंतर मधला बर्थ उघडायचा नियमच आहे. मग खाली मान वाकवून, मोबाईलच्या उजेडात वरण सांभाळत बसा! प्लॅटफॉर्मवर उतरून घ्यायचं म्हटलं तर गाडी दोन-पाच मिनिटंच थांबते, त्यात यूपीआयला रेंज नसली की संपलंच.

डब्यात पोळ्या, कोरडी भाजी (बटाटा किंवा झुणका), वर शेंगदाण्याची चटणी. भात आणि ओल्या खोबऱ्याचं काही नको, निदान एप्रिल-मे महिन्यात तरी. नागपूरच्या उन्हात ते रात्रीपर्यंत आंबतं. सोबत संत्री असतील तर सालांसाठी एक पिशवी ठेवा.

ई-केटरिंगला पीएनआर टाकला की वाटेतल्या कोणत्या स्टेशनवर काय मिळतं ते दिसतं. ऑर्डर मात्र गाडीत बसायच्या आधीच टाका, ऐनवेळी घेत नाहीत.

तिकीट दुरांतोचं असेल तर हे लागू नाही. तिथे बुकिंग करतानाच जेवणाचा पर्याय विचारतात.