रडीचा डाव आणि ऑनलाइन खेळ

प्रश्न : माझा मुलगा मित्रांबरोबर मोबाइलवर बीजीएमआय (‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा नेमबाजीचा खेळ) खेळतो. त्यांच्यातील एक जण ‘हॅक’, म्हणजे खेळात लबाडीने वरचढ करून देणारी प्रणाली, वापरतो. त्याने कोणाचे नुकसान होत नाही, उलट समोरच्याला आव्हान मिळते आणि बंदी आलेले खेळाडू नवे खाते उघडतात म्हणून कंपनीचाही फायदाच होतो, असे त्याचे म्हणणे आहे. यात कितपत तथ्य आहे? – एक पालक, सांगली

उत्तर : तथ्याचा एक अंश आहे. निर्मात्यांच्या नजरचुकीचा खेळाडूंनी लाभ उठवला आणि त्यातून खेळ अधिक रंगतदार झाला, असे घडलेले आहे. १९९८ च्या ‘स्टारसीज : ट्राइब्स’ या संगणकावरील खेळामध्ये उतारावर उडीची कळ पुन्हा पुन्हा दाबली की पात्र प्रचंड वेगाने घसरत जाते, हे खेळाडूंनी शोधून काढले आणि पुढच्या आवृत्त्यांत निर्मात्यांनीच ते घसरणे खेळाचा भाग केले. मात्र ही युक्ती सर्वांच्या डोळ्यांसमोर होती आणि सरावाने कोणालाही साधत होती.

हॅकचे तसे नाही. पुढच्या क्षणी दृश्य दाखवता यावे म्हणून भिंतीआडच्या प्रतिस्पर्ध्याची जागा बहुतेक वेळा आपल्या यंत्राला आधीच कळवलेली असते. ‘वॉलहॅक’ ती माहिती चोरून पडद्यावर आणतो, तर ‘एमबॉट’ नेमच साधून देतो. समोरच्याला हे दिसत नाही, म्हणून तो आपल्या चुकीतून शिकूही शकत नाही. मग आव्हान मिळाले कोठे?

माझ्या मते खरी हानी पराभवाची नाही, संशयाची आहे. एकदा संशय शिरला की वर्षानुवर्षे सराव केलेल्या प्रामाणिक मुलाचा अचूक नेमही लोकांना हॅकच वाटू लागतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघाय येथील ‘एक्स्ट्रीम्सलँड’ स्पर्धेत, ‘काउंटर-स्ट्राइक’ या नेमबाजीच्या संगणक-खेळाच्या सामन्यात, ‘ऑप्टिक इंडिया’ संघातील एका खेळाडूच्या संगणकावर हॅक सापडला; त्या फाइलला ‘वर्ड’ असे साळसूद नाव दिलेले होते. त्या खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली, पण संघ स्पर्धेतून बाद झाला आणि पुढे विसर्जितही झाला, म्हणजे एकाच्या कृत्याची झळ पाचही जणांना बसली. भारतीय खेळाडूंना आंतरराष्ट्रीय व्यासपीठ नुकते मिळू लागले होते, तेव्हाची ही गोष्ट आहे, म्हणून ती आजही मनाला लागते.

कंपनीच्या फायद्याचा मुद्दा विकत घ्याव्या लागणाऱ्या खेळांपुरता कदाचित मांडता येईल. बीजीएमआयचे नवे खाते फुकटच उघडते, त्यामुळे तेथे तो टिकत नाही. उलट पहारा ठेवण्याचा भार प्रामाणिक खेळाडूंवरच पडतो. २०२० मध्ये आलेल्या ‘व्हॅलोरंट’ या नेमबाजीच्या खेळाची ‘व्हॅनगार्ड’ ही हॅक रोखणारी संरक्षक प्रणाली संगणकाच्या अगदी गाभ्यात शिरून काम करते आणि तिला तेवढा प्रवेश दिल्याशिवाय संगणकावर तो खेळ खेळताच येत नाही.

आपल्या मुलाने त्या मित्राबरोबर एका स्क्वॉडमध्ये (संघात) खेळणे थांबवावे आणि असा खेळाडू आढळल्यास खेळातच असलेल्या ‘रिपोर्ट’च्या सोयीचा वापर करावा. मित्राने पाठवलेली हॅकची फाइल त्याने फोनवर घेतलेली नाही ना, हे आपण आजच पाहावे. अशा फाइलमधून पासवर्ड चोरणारी प्रणाली येऊ शकते आणि त्याच फोनवर आपले बँकेचे व्यवहार होत असतील, तर धोका खेळापुरता राहत नाही.